ओंडक्याचा पक्षी थांबा

मार्चमध्ये आमच्या बागेतले सफरचंदाचे रोप एका हाताने उपटून आले. मुळांच्या जागी गाजरासारखा निमुळता कुरतडलेला बुंधा तेवढा उरला होता. लाइप्झिगमध्ये आम्ही भाड्याने घेतलेला हा जमिनीचा तुकडा जर्मन बागकायद्याच्या चौकटीतला आहे : क्षेत्र ४०० चौरस मीटरपेक्षा जास्त नको, झोपडी २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नको. तेव्हा उंदरांच्या विषालाही काहीतरी नियम असणार, हे मला आधीच सुचायला हवे होते.

विष आणायला निघालो, तर शेजारच्या आजोबांनी मला फाटकातच अडवले. मातीचे ढीग उंदराचे आहेत की माउलवुर्फचे, हे आधी ठरवा, म्हणाले. माउलवुर्फ म्हणजे मखमली अंगाचा, जमिनीखाली राहून गांडुळे खाणारा प्राणी. तो संरक्षित असल्याने त्याला मारणाऱ्यास ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याला कोणी पाहिलेलेही नाही, त्याची एवढी बडदास्त! चिडतच मी बोगद्याचे तोंड उघडे केले. उंदीर असेल तर उघडे बीळ तो काही तासांतच बुजवतो, माउलवुर्फ तशी घाई करत नाही. चहा पिऊन परतलो, तोवर तोंड मातीने बंद झाले होते. मग आजोबांनी विषाऐवजी रॉबिनिया झाडाचा साडेतीन मीटरचा ओंडका दाखवला, उंदीर टिपणाऱ्या शिकारी पक्ष्यांना बसायला. हे लाकूड मातीत लवकर कुजत नाही. पाऊण मीटर खड्ड्यात ओंडका रोवून आम्ही माथ्यावर मनगटाएवढे आडवे लाकूड ठोकले, सालीसकट, म्हणजे नखांना पकड मिळते. आणि उंदीर वरून दिसावा म्हणून भोवतीचे गवत कापले.

फोटो पाहून वाशीमहून बाबांचा फोन आला. "अरे, हरभऱ्यात आपण थांबे लावतो ते काय वेगळं असतं? त्यासाठी जर्मनीला जावं लागलं होय?" खरेच आहे, घाटेअळी टिपणारे कोतवाल त्याच काठ्यांवर बसतात, आणि ही गोष्ट मी आजोबांना जरा जास्तच ठसक्यात सांगितली. आपण उंदरांसाठी मात्र झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवतो आणि दाराशी बसलेले घुबड हाकलतो, एवढे सांगायचे राहून गेले. अर्थात ज्याचे वर्ष सोयाबीनच्या भावावर अवलंबून आहे, त्याने ससाण्याची वाट पाहत बसावे, असे हौसेची बाग करणाऱ्याने सांगू नये. निदान मी तरी सांगणार नाही.

पाच आठवडे थांब्यावर कावळ्यांखेरीज कोणी बसले नाही. मग एका सकाळी तांबूस पाठीचा छोटा ससाणा, इथला टुर्मफाल्क, मान वाकवून गवत न्याहाळताना दिसला. थांब्याखाली त्याने ओकलेली राखाडी केसांची गोळी सापडली. काडीने फोडली, तर आत नारिंगी दात होते. ते दात शेतातल्या लहान उंदराचे आहेत, असे आजोबा म्हणाले. आमची मुळे खाणारा मोठा उंदीर, इथला शेरमाउस, या ससाण्याला जड जातो. त्याच्यासाठी माउसेबुसार्ड हा मोठा शिकारी पक्षी यायला हवा, आणि तो अजून आलेला नाही. सफरचंदाचे नवे रोप मी तारेच्या जाळीत लावले आहे. ही जाळी बाबांना पाठवलेल्या फोटोत दिसत नाही.