शिलिबीअरच्या मागावर: पॅडिंग्टन ते चिगवेल

जॉर्ज शिलिबीअरचं नाव लंडनची पहिली बस चालवणारा म्हणून घेतलं जातं. पुढे तो अंडरटेकर, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारा झाला, अंत्ययात्रेच्या गाड्या बांधू लागला, हे बसच्या शौकिनांनाही अनेकदा ठाऊक नसतं. या दोन्ही धंद्यांच्या जागा पाहायच्या तर एक दिवस पुरतो, पण क्रम चुकला तर चर्चचं दार बंद मिळतं.

सुरुवात पॅडिंग्टनहून, २०५ क्रमांकाच्या बसने. ४ जुलै १८२९ रोजी शिलिबीअरने पॅडिंग्टन ते बँक (बँक ऑफ इंग्लंडचा परिसर) अशी सेवा सुरू केली, ती तेव्हाच्या न्यू रोडने, म्हणजे आजच्या मॅरिलबोन रोड, यूस्टन रोड आणि पेंटनव्हिल रोडने. २०५ जवळपास तीच वाट धरते. रस्त्याच्या कामांमुळे बसचे मार्ग वळवले जातात, तेव्हा सकाळीच ॲपवर बघून घ्या. वरच्या मजल्यावर बसा. त्याची बस ज्या ‘यॉर्कशायर स्टिंगो’ दारूगुत्त्यापासून सुटायची, तो मॅरिलबोन रोडच्या दक्षिण अंगाला होता. आता तिथे खूण म्हणून काही उरलेलं नाही, त्यासाठी उतरू नका.

एवढा वळसा घालणारा रस्ता त्याने निवडला, त्यामागे कायदा होता. शहराच्या मधल्या भागात वाटेत उतारू घेण्याचा हक्क भाड्याच्या घोडागाड्यांकडे होता, त्यामुळे कडेकडेने जाणारा न्यू रोडच सोयीचा. गाडीला तीन घोडे शेजारी-शेजारी जुंपलेले, आत सुमारे २० ते २२ माणसं, छतावर कोणी नाही, दार मागे. पूर्ण भाडं १ शिलिंग, अर्ध्या वाटेला ६ पेन्स. तीन घोड्यांची रुंदी गर्दीत अडचणीची ठरली आणि लवकरच दोन घोड्यांच्या लहान गाड्या आल्या. १८३२ च्या कायद्याने शहराच्या मधल्या भागातही उतारू घेण्याची मुभा मिळाली खरी, पण तोवर स्पर्धकांची झुंबड उडाली होती. मग त्याने ग्रिनिचच्या मार्गावर गाड्या घातल्या, तर १८३६ मध्ये त्याच वाटेवर रेल्वे धावू लागली. सरकारी कर थकला, दिवाळं वाजलं आणि फ्लीट तुरुंगाची वारीही घडली.

ओल्ड स्ट्रीट स्टेशनपाशी उतरून सिटी रोडने दक्षिणेकडे चालत निघा. उजव्या हाताला बनहिल फील्ड्स हे जुनं दफनस्थान लागतं. शिलिबीअरने आपला अंत्यविधीचा धंदा याच्याच लगत थाटला होता. डॅनियल डीफो, जॉन बन्यन आणि विल्यम ब्लेक या लेखक-कवींची स्मारकं मधल्या फरसबंद भागात आहेत. बाकीच्या बहुतेक थडग्यांना लोखंडी कठडा असल्याने ती वाटेवरूनच पाहावी लागतात. हिवाळ्यात फाटक दुपारी ४ च्या सुमारास लागतं, म्हणून ही जागा मागे ठेवू नका.

त्याच्या दुसऱ्या धंद्याचं गणित इथेच उलगडतं. चर्चच्या आवारातली दफनभूमी घरापासून जवळ असेतो शवपेटी खांद्यावरून नेता यायची. पण शहरातली आवारं भरून वाहू लागली. केन्सल ग्रीन १८३३ मध्ये, हायगेट १८३९ मध्ये, ॲबनी पार्क १८४० मध्ये, अशा मोठ्या दफनभूमी तेव्हाच्या वस्तीच्या कडेला उघडल्या. १८५२ च्या कायद्याने तर शहरातली जुनी आवारं बंद करण्याची वाट मोकळी झाली. मैलोन्‌मैल जायचं म्हणजे पेटीसाठी एक गाडी, घरच्यांसाठी दुसरी, दोन्हींचे घोडे आणि गाडीवान. त्यावर शहामृगाच्या पिसांचे तुरे, आणि दारात काळ्या कपड्यांत मुकाट उभी राहणारी भाडोत्री माणसं. बेताच्या मिळकतीचं घर यात बुडायचं.

शिलिबीअरने १८४२ मध्ये पेटंट घेतलं ते शवगाडी आणि दुखवट्याची गाडी एकाच सांगाड्यावर आणणारं. दफन उरकलं की पेटीचा भाग मिटवून टाकता यायचा, आणि परतताना ती साध्या दुखवट्याच्या गाडीसारखी दिसायची. ही मला त्याची खरी हुशारी वाटते: रिकामी शवगाडी मिरवत घरी यायला कोणाला आवडेल? मूळ हिशेब बसचाच होता, एका गाडीत जास्त भार आणि माणशी खर्च कमी. गंमत अशी की त्याचं नाव या गाड्यांना इतकं चिकटलं की बसला ‘शिलिबीअर’ म्हणायला लोक कचरू लागले.

बनहिलहून कॉव्हेंट गार्डनच्या लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमला जा. लिफ्टने थेट सगळ्यात वर गेलात की घोड्यांच्या बस तिथेच भेटतात. शिलिबीअरची गाडी आहे ती शताब्दीसाठी १९२९ मध्ये बांधलेली प्रतिकृती, आणि तीही बसची. अंत्ययात्रेची गाडी पाहायला मिळेल या आशेने जाऊ नका. प्रौढांचं तिकीट महाग आहे, पण वर्षभर चालतं, आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे पडत नाहीत. दोन मिनिटांवरचा लाँग एकर रस्ता जरूर पाहा: गाड्या बांधणाऱ्यांच्या या पेठेतच शिलिबीअर काम शिकला.

पैशांचं आधी बघून ठेवा. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोकड चालत नाही. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही सुरू करा, नाहीतर ऑयस्टर हे लंडनच्या प्रवासाचं कार्ड घ्या. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं चालत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना कार्ड लावायचं, ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं.

शेवटचा टप्पा चिगवेल. कॉव्हेंट गार्डन स्टेशनच्या लिफ्टपाशी गर्दी असते आणि जिना १९३ पायऱ्यांचा, त्यापेक्षा चालत होबर्नला जा आणि सेंट्रल लाइन पकडा. एपिंगची गाडी चिगवेलला जात नाही. हेनॉल्टमार्गे जाणारी घ्या, किंवा हेनॉल्टला उतरून पुढची गाडी धरा. या तुकड्यावर गाड्या साधारण २० मिनिटांनी एक, म्हणजे एक हुकली की फलाटावर बसणं आलं. स्टेशनपासून हाय रोडने सेंट मेरी चर्च चालत जाण्याइतकं जवळ आहे. शिलिबीअर १८६६ मध्ये वारला आणि इथेच त्याला पुरलं. १९२९ मध्ये लंडनच्या बस-कामगारांनी लावलेली स्मृतिपाटी चर्चच्या आत आहे, म्हणून प्रार्थनेच्या वेळा आधी पाहून त्यांना लागून पोहोचा. रविवार सकाळ सोयीची पडते, मग वरचा सगळा क्रम उलटा करा: आधी चिगवेल, नंतर शहर.

परतताना चिगवेलच्या फलाटावर वूडफर्ड किंवा हेनॉल्ट, ज्या दिशेची गाडी आधी येईल ती घ्या. दोन्हीकडून लंडनची गाडी मिळते, वूडफर्डला मात्र बहुतेकदा बदलावी लागते.