आधारवर लिंग एकदाच बदलता येतं : माझा अनुभव

कागदपत्रं बदलायला निघालं की सगळीकडे पहिला प्रश्न एकच : "ऑपरेशन झालं का?" नोटरीने विचारलं, बँकेतल्या मॅडमनी विचारलं, सिन्नरच्या मावशीने तर फोनवरच विचारलं. माझी जन्मनोंद मुलगी म्हणून आहे, राहतो मी पुरुष म्हणून, आणि नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. २०२२ ते २०२४ या काळात मी हे सगळं केलं, त्यामुळे खाली लिहिलंय ते तेव्हाच्या नियमांप्रमाणे. अर्ज भरण्याआधी आजचे नियम बघून घ्या.

तर ऑपरेशनचं. एप्रिल २०१४ मध्ये नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. नंतर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियमही त्याच वर्षी निघाले. त्यात तेव्हा दोन वेगवेगळे दाखले होते, आणि बहुतेकांचा घोळ इथेच व्हायचा. कलम ६ चा दाखला जिल्हाधिकारी द्यायचे. त्याला नुसतं शपथपत्र लागायचं, अंगाची तपासणी नाही, फी नाही. पण त्यावर लिंगाच्या जागी 'ट्रान्सजेंडर' यायचं. 'पुरुष' किंवा 'स्त्री' हवं असेल तर कलम ७ खाली पुन्हा अर्ज, आणि त्याला रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं प्रमाणपत्र जोडावं लागायचं. कायद्यात शब्द शस्त्रक्रियेचा होता, नियमांत मात्र 'वैद्यकीय उपचार' म्हटलं होतं आणि त्यात समुपदेशन व हार्मोनही धरले होते. हा फरक तोंडपाठ असलेला बरा, कारण समोरच्याला तो माहीत असेलच असं नाही.

आता आधार. आधारवर नाव दोनदा बदलता येतं, लिंग एकदाच. त्यापुढे बदल करायचा तर आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे खास विनंती करत बसा. म्हणजे पहिला दाखला हातात पडल्याच्या आनंदात कुणी आधारवर 'ट्रान्सजेंडर' करून घेतलं आणि वर्षभराने 'पुरुष' हवं झालं, तर गाडी अडते. ज्याला ट्रान्सजेंडर हीच ओळख हवी आहे त्याने खुशाल लगेच बदलावं. मला पुरुष हवं होतं. म्हणून मी आधी फक्त नाव बदललं आणि लिंगाला हात लावला नाही. काही महिने आधारवर पुरुषाचं नाव आणि त्याखाली 'स्त्री' असा प्रकार होता. लॉजवर खोली घेताना जरा तोंड चुकवावं लागायचं, पण तेवढं चालवून घेतलं.

कलम ६ च्या अर्जाचं शपथपत्र करायला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर गेलो. तिथल्या टायपिस्टकाकांकडे नावबदलाचा मजकूर तयारच असतो, कारण त्यांच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं लग्न झालेल्या बायका. माझं जुनं नाव टाइप करून त्यांनी मान वर न करताच विचारलं, "नवऱ्याचं नाव सांगा." मी या दाखल्यांच्या सरकारी पोर्टलवरचा नमुना पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "असं आहे होय. मग हाच टाइप करू, माझा मजकूर राहू द्या." तसंच करा. शपथपत्राचा नमुना ठरलेला आहे. त्यात 'मी आजारी असून', 'माझ्यात दोष असून' असलं काही कुणाला घालू देऊ नका.

पोर्टलवर अर्ज भरला. जिल्ह्यात बारा महिने सलग राहिल्याचा पुरावा लागायचा. माझा भाडेकरार नुकताच झालेला, म्हणून रेशनकार्ड आणि आईच्या नावचं वीजबिल जोडलं. अर्ज निकाली काढायची मुदत तीस दिवसांची होती. ती उलटली तेव्हा जाऊन चौकशी केली. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज शोधला आणि विचारलं, "मेडिकल कुठंय?" मी नियमाची छापील प्रत काढली आणि तपासणी लागत नाही हे वाक्य बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ती प्रत ठेवून घेतली. त्यानंतर काम हललं. भांडणापेक्षा छापील कागद जास्त कामाला येतो, निदान माझ्या बाबतीत तरी आला.

डॉक्टरांचं काम याच काळात चालू होतं. आधी मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, हे मानसिक विकारांतून काढलेलं आहे. हे वाक्य मी त्यांना आईसमोर पुन्हा म्हणायला लावलं. मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, लिव्हर, लिपिड, साखर सगळं तपासलं आणि पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासलं, कारण या इंजेक्शनने रक्त दाट होऊ शकतं. पुढे मूल हवं वाटलं तर बीजांडं गोठवून ठेवायची का, हेही त्यांनी आधीच विचारलं. आवाज फुटला तो नववीतल्या पोरासारखा, शिफ्टच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. फुटलेला आवाज परत पहिल्यासारखा होत नाही, इंजेक्शन थांबवलं तरी. पाळी काही महिन्यांत थांबली. दाढीला मात्र वर्षं लागतात, आणि घराण्यात टक्कल असेल तर तेही वाट्याला येतं. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहूच शकत नाही असं नाही, हे कुणी उघड बोलत नाही म्हणून लिहितोय.

जिममध्ये हेच औषध चिठ्ठीशिवाय मिळतं. घेऊ नका. तिथला डोस बॉडी बनवणाऱ्यांचा असतो आणि रक्त कुणी तपासत नाही.

छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर, म्हणजे घट्ट बनियन, घालायचो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली तो घालून उभं राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आठ तासांच्या वर नाही, झोपताना तर मुळीच नाही, आणि स्वस्त पडतं म्हणून क्रेप बँडेज गुंडाळू नये, ते बरगड्यांवर आवळत जातं. छातीची शस्त्रक्रिया मुंबईत केली. तपासण्यांना पंचवटी एक्सप्रेसने जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं. ऑपरेशननंतर दोन्ही बाजूंना नळ्या, छातीवर घट्ट जॅकेट, हात खांद्याच्या वर न्यायची बंदी. आईने तेव्हा वेणीफणी सोडून सगळं केलं, असं ती स्वतःच सांगते आणि हसते. केस तर मी कधीच कापले होते. 'मेडिकल'चं प्रमाणपत्र रुग्णालयाकडून घेताना त्यावर नवीन नाव आणि अधीक्षकांचा शिक्का आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी बघा.

कलम ७ चा दाखला हातात आल्यावर आधारवर लिंग बदललं. मग पॅन, कारण ते आधारशी जुळलं नाही तर पुढचं सगळं अडकतं. मग बँक, मग पीएफ. पीएफला तेव्हा कंपनीमार्फत जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनी दोघांचा दुरुस्तीचा अर्ज, भरावं लागायचं, म्हणून एचआरला सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. आमच्या एचआरने एवढंच विचारलं, "लॉकर कुठल्या बाजूला हवा?" गणवेश आधीपासूनच सगळ्यांना सारखा, पॅन्ट-शर्ट. राजपत्रात नावबदल आधीच छापून घेतला होता, त्याच्या प्रती आजही बॅगेत असतात.

घरी कागदांवरून खरी गडबड केली ती काकांनी. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझं जुनं नाव वारस म्हणून लागलं होतं, ते बदलायला मी तलाठ्याकडे अर्ज दिला. काका रात्री घरी आले. "मुलगा झालास, आता मुलाचा हिस्सा मागशील." मी म्हटलं, "काका, महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला १९९४ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच वाटा दिलाय, आणि देशभर २००५ पासून आहे. माझा हिस्सा होता तेवढाच आहे." ते जास्तच नाराज झाले. मी ट्रान्स आहे याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नव्हतं. शेवटी आईनेच मिटवलं. बीडच्या ललित साळवे पोलिसांचं उदाहरण तिने काढलं, ज्यांची २०१८ मध्ये मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली. "सरकारने त्यांना वर्दीत ठेवलं, तुम्ही पुतण्याला सातबाऱ्यावर ठेवा," म्हणाली.

दहावीची गुणपत्रिका तेवढी राहिलीय. शाळेचे क्लार्क म्हणतात, शाळा सोडल्यावर रजिस्टरमधलं नाव बदलत नाही. कायद्यात दाखला मिळालेल्याला ओळखीच्या सगळ्या अधिकृत कागदपत्रांवर पहिलं नाव बदलून घेण्याचा हक्क आहे, म्हणून तोंडी नकार न घेता लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. मुख्याध्यापकांचं पत्र आलं की तोच संच विभागीय मंडळाकडे जाईल. तोवर नोकरीच्या अर्जाला गुणपत्रिका, राजपत्राची प्रत आणि दाखला असे तीन कागद एकत्र टाचून देतो.