पट्टीवर ऑइल भरपूर, आत पाणी

इंजिनातलं ऑइल थोडं थोडं जळतं. गिअरबॉक्सचं तसं नाही. ते कमी झालं तर कुठून तरी बाहेर गेलंय, आणि वाढलं तर कुठून तरी काहीतरी आत आलंय. पावसाळ्यानंतर आमच्या मावळात कितीतरी ट्रॅक्टरांची हीच तक्रार असते, आणि बहुतेक जण वरून दोन लिटर ओतून पुन्हा कामाला लागतात. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल यंदा मी मिस्त्रींना सोबत घेऊन घरीच बदललं. काय दिसलं आणि काय केलं ते सविस्तर लिहितो.

आमचा ट्रॅक्टर वडिलांनी घेतलेला, मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घडणीचा. या जातीत गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअर) आणि लिफ्टचं, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हातांचं, हायड्रॉलिक या तिघांना एकच ऑइल. हॅरी फर्ग्युसन यांच्या टीई-२० ट्रॅक्टरमध्येही हेच होतं, आणि तो १९४६ पासून बनायला लागला. लिफ्टचा पंप ट्रॅक्टरच्या पोटातच ऑइलमध्ये बुडालेला असतो. वेगळी टाकी नाही, बाहेर पाइपांचं जाळं नाही, हा मोठा फायदा. पण गिअरचा कीस आणि बाहेरून शिरलेलं पाणी थेट पंपाच्या तोंडाशी जातं. म्हणून या ट्रॅक्टरात ऑइल बिघडलं की गिअरच्या आधी लिफ्ट कुरकुरायला लागते.

आमचंही तसंच झालं. आवणी संपत आली तेव्हा रोटाव्हेटर उचलताना लिफ्ट थरथरायला लागली, आणि वर नेऊन थांबवली तरी बारीक हिसके देत राहिली. चुलतभाऊ म्हणाला, "ऑइल कमी असंल दादा, टाक दोन लिटर." ऑइलची पातळी मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं.

पट्टी नीट बघायची तर ट्रॅक्टर सपाट जागेवर हवा, इंजिन बंद हवं आणि लिफ्टचे हात पूर्ण खाली हवेत. हात वर असतील तर थोडं ऑइल लिफ्टच्या सिलिंडरमध्ये अडकून राहतं आणि पट्टी कमी दाखवते. बंद केल्यावर थोडा वेळ थांबायचं, पट्टीच्या आजूबाजूचा चिखल आधी पुसून घ्यायचा, पट्टी कोरडी करून पुन्हा घालायची आणि मगच वाचायची. हे सगळं करूनही आमची पट्टी जास्तच दाखवत होती, आणि तिच्यावरचं ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं.

शेजारच्या गावचे मिस्त्रीकाका आले. पट्टी बोटावर घासून म्हणाले, "एक थेंबही टाकू नको. रात्रभर उभा राहू दे, सकाळी ऑइल सोडायचा खालचा नट जरा सैल कर आणि आधी काय येतंय ते बघ." पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे रात्रभरात मोकळं पाणी तळाला बसतं. सकाळी नट पूर्ण न काढता सैल केला तर आधी गढूळ पाण्याची धार आली आणि तिच्यामागून दाट पांढरं ऑइल. उरलेलं पाणी ऑइलमध्ये घुसळून गेलेलं असतं, ते नुसतं उभं ठेवून वेगळं होत नाही. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. जुनी पळी घराबाहेर तापवायची आणि तिच्यावर ऑइलचे एकदोन थेंब टाकायचे. पाणी असेल तर तडतडतं, चांगलं ऑइल गप्प राहतं. डोळे लांब ठेवा.

आता पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय नवं ऑइल भरण्यात अर्थ नव्हता. गिअरच्या दांड्याखालचं रबरी बूट उचललं तर मागच्या बाजूने पार चिरलेलं. ट्रॅक्टर पावसात उभा राहिला की दांड्यावरून ओघळणारं पाणी सरळ आत जात होतं, आणि चिखलणीनंतर पाण्याच्या पंपाच्या जोराच्या धारेने धुतानाही तेच होत असणार. दुसरं कारण मिस्त्रीकाकांनी दाखवलं. ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड, चिखलाने पूर्ण बुजला होता. चिखलणीत गिअरबॉक्स चांगला तापतो. तसाच तो गार पाण्यात उभा राहिला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढायला बघते. ब्रीदरमधून हवा मिळाली नाही तर ती सीलच्या कडेने चिखलाचं पाणी ओढते. आमच्याकडे भाताचीच शेती, इंद्रायणी वाणाची, म्हणजे ट्रॅक्टर दरवर्षी पाण्यात उतरणारच. हा ब्रीदर साफ ठेवणं आमच्या भागात ऑइल बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे असं मी ठामपणे म्हणेन. त्याला खर्च शून्य आहे.

मोकळं पाणी काढून नट आवळला आणि ट्रॅक्टर थोडा फिरवून आणला. ऑइल गरम असेल तर पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन उतरतं. खाली एकाहून जास्त ड्रेन नट आहेत. एकच खोलला तर दुसऱ्या खणातली घाण तशीच राहते, म्हणून सगळे खोलले. नटावरच्या आणि तळाच्या गाळात बोट फिरवून बघणं मला फार आवश्यक वाटतं. करडा, मऊ लेप असेल तर ती जुन्या गिअरची रोजची झीज. टोचणारे तुकडे किंवा चकाकते पापुद्रे असते तर मी ऑइल न भरता गिअरबॉक्स खोलायला लावला असता. आमच्याकडे नुसता लेप निघाला.

बाजूचं झाकण काढून पंपाची जाळी बाहेर काढली. पांढऱ्या चिकट थराने ती अर्धी बुजली होती. लिफ्टचे हिसके इथूनच येत होते, पंपाला पुरेसं ऑइलच मिळत नव्हतं. जाळी डिझेलमध्ये धुतली, वाळवली, झाकणाला नवं गॅस्केट आणि ड्रेन नटांना नवे तांब्याचे वॉशर घातले.

आतून धुवायला काही जण डिझेल भरून गाडी चालवतात. मिस्त्रीकाकांनी साफ नको म्हटलं. पंप त्याच द्रवावर फिरतो आणि डिझेलला वंगण कमी. त्याऐवजी स्वस्तातलं ऑइल भरून, थोडं चालवून, लिफ्ट रिकामी वरखाली करून तेही उतरवलं. तेसुद्धा जरा पांढरटच निघालं. सिलिंडरमध्ये आणि कोपऱ्यांत अडकलेलं पाणी पहिल्या उपशात येत नाही, ते असं दुसऱ्यांदा काढावं लागतं. या जास्तीच्या ऑइलचा खर्च अंगावर येतो खरं, पण नव्या पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही.

ऑइल कोणतं, यावर दुकानात वाद झाला. दुकानदार 'नव्वद नंबर' किंवा 'एकशे चाळीस' पुढे करतो. गिअर ऑइलचा आणि इंजिन ऑइलचा नंबर वेगवेगळ्या मोजपट्टीवरचा असतो. गिअरचं ९० हे इंजिनच्या ५० च्या आसपासच दाट असतं. पण १४० खूपच दाट, हिवाळ्याच्या सकाळी पंपाला ते ओढवत नाही. शिवाय डब्यावर जीएल-५ हा गिअर ऑइलचा दर्जा लिहिलेला असेल तर त्यातली गंधकाची रसायनं तीव्र असतात आणि तापल्यावर पितळ-ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात. गिअर आणि हायड्रॉलिक एकत्र असलेल्या ट्रॅक्टरसाठी यूटीटीओ नावाचं ऑइल मिळतं, मॅन्युअलशी ताडून आम्ही तेच आणलं. या घडणीच्या ट्रॅक्टरला तीस-पस्तीस लिटरच्या घरात लागतं, म्हणजे वीस लिटरच्या दोन बकेटा.

भरायला घाई चालत नाही. जाळीच्या नरसाळ्यातून थोडं थोडं ओतायचं, खालच्या खणात उतरू द्यायचं, पट्टी बघायची. वरच्या खुणेच्या जरा अलीकडे थांबलो. पीटीओचा, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा, शाफ्ट रोटाव्हेटरपासून सोडवून ठेवला होता, कारण या ट्रॅक्टरात पीटीओ गुंतवल्याशिवाय पंप फिरत नाही. मग इंजिन चालू करून लिफ्ट हळूहळू वरखाली केली. आधी हवा अडखळत निघाली, नंतर हात सरळ उठायला लागले. हात खाली, इंजिन बंद, पुन्हा पट्टी, आणि थोडंच वाढवलं. खुणेच्या वर भरू नये. जास्तीचं ऑइल घुसळून फेसाळतं, ब्रीदरमधून उडतं आणि एक्सलच्या सीलवाटे ब्रेकच्या ड्रममध्ये जातं.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जळकं ऑइल नेणाऱ्याला दिलं. ओढ्याच्या कडेला ओतायचं नाही, पुढच्या खाचरात तेच पाणी जातं.

नवं बूट बसवलं, ब्रीदर धुऊन त्यातून फुंकर मारून बघितली. क्लच हाउसिंगच्या तळाशी भोकात जी कॉटर पिन (दुमडलेल्या तारेची खिळी) लोंबते ती हलवली, तिथे ऑइलचा ओलसरपणा नव्हता, म्हणजे पुढचं सील शाबूत. डाव्या एक्सलचं सील मात्र पाझरतंय. ब्रेक सोडल्यावर ड्रमच्या कडेला ओल दिसते, तिला गिअर ऑइलचा उग्र वास आहे. ते सील दिवाळीआधी, हरभऱ्याच्या पेरणीला ट्रॅक्टर जुंपण्यापूर्वी, बदलायचं ठरलंय. तोपर्यंत दर आठवड्याला पट्टी बघतोय, आणि पातळीसोबत रंगही.