बस पावणेदोनला परत हवी

मुलीच्या तिसरीच्या सहलीचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. वाटलं, शेत शोधायचं, तारीख घ्यायची, झालं. बाईंना ‘पायोनिअर’, म्हणजे अमेरिकेत पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या गोऱ्यांच्या, दिवसांतली कामं मुलांच्या हातून करून घ्यायची होती.

न्यू जर्सीत आमच्यापासून पाऊण तासावर हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्म आहे, मर्सर काउंटीचं. १३० एकर, आणि शेती १८९० ते १९१० च्या पद्धतीची, घोडे-बैल जुंपून. म्हणजे पायोनिअर नव्हेच, तोवर टेलिफोन आला होता. आणि या डेलावेअर नदीकाठी ‘पहिले’ म्हणायचंच तर इथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांना म्हणावं लागेल. पण बाईंशी कोण वाद घालणार! मला पटली ती त्या जागेची कथा. इनेझ हॉवेल यांनी माजी काँग्रेसमन (अमेरिकेच्या संसदेचे सदस्य) असलेल्या आपल्या पतीच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये हे शेत काउंटीला दिलं. त्यांची इच्छा अशी की मुलांनी इथे नुसतं बघू नये. गाय पिळावी, अंडी गोळा करावीत, लोकर पिंजावी.

शेताची तारीख एका फोनवर मिळाली. अडलं ते बसपाशी. शाळेच्या बसेस सकाळच्या फेऱ्या संपल्यावर मोकळ्या होतात आणि दुपारच्या फेऱ्यांना परत लागतात. सव्वानऊला निघा, पावणेदोनला हजर व्हा. मी अर्धा तास वाढवून मागितला, तर पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, “मग किंडरगार्टनच्या मुलांना घरी कोण सोडणार?” जाण्यायेण्यात दीड तास, डबे खायला अर्धा, बसमध्ये चढताना-उतरताना डोकी मोजण्यात अर्धा. हातात उरले दोन तास.

एका वडिलांनी तीन बिंदूंचे, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारे, सीटबेल्ट असलेलीच बस हवी असं लिहून पाठवलं. कोणी हसलं नाही. २०१८ च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्याच पॅरामस गावच्या शाळेची सहलीची बस अपघातात सापडली, एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका गेली. नव्या बसेसना तसे बेल्ट बंधनकारक करणारा कायदा त्याच वर्षी झाला.

मग ॲलर्जीची यादी. शेंगदाणे, अंडी, गवत. दोघांसाठी एपिपेन (ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर लगेच टोचायचं इंजेक्शन), म्हणजे नर्स किंवा तिने शिकवून तयार केलेली व्यक्ती सोबत हवीच. आणि गोचीड! मे महिन्यातली हरणांवरची गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, आणि लाइम रोग तिच्यातूनच होतो. त्यामुळे लांब पँट, पायमोजे पँटवर ओढलेले, घरी गेल्यावर गुडघ्यामागे आणि कानामागे तपासा, अशी चिठ्ठी काढली.

तयारी म्हणून वर्गात लोणी काढायचं ठरलं. फ्रिजमधलं क्रीम बरण्यांत भरून मुलं वीस मिनिटं हलवत बसली. फेस आला, लोणी काही येईना. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, “अगं, एवढ्या गारठ्यात लोणी कसं येईल? आम्ही थंडीत कोमट पाणी घालायचो की. आणि विरजण नाही लावलंस?” बरण्या कोमट पाण्यात दोन मिनिटं धरल्या, पुन्हा हलवल्या, आणि एका बरणीतला आवाज बदलला. छपछप थांबून थपथप. त्या मुलाने ओरडून अख्खा वर्ग गोळा केला. उरलेलं पातळ पाणी आईच्या लेखी ताक नव्हतंच.

प्रत्यक्ष सहलीला पाऊस आला नाही, एवढंच नशीब. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मक्याच्या यंत्राने. वरून वाळकं कणीस टाकायचं, दांडा फिरवायचा. खाली दाणे आणि बाजूने मोकळं बुरकुंड. पहिली कणसं जड जातात, मग चाकाला गती आली की दांडा आपोआप ओढतो. एकाला थांबवून दुसऱ्याला द्यायला कोणी तयार नाही. माझ्या वेळापत्रकात त्याला दहा मिनिटं होती, लागली पस्तीस. गाईंच्या गोठ्यासमोरून आम्ही अक्षरशः पळत गेलो. ड्रायव्हरने इंजिन सुरू ठेवलं होतं, तरी शेवटच्या गटातले दोघे खाली सांडलेले दाणे वेचत होते.

पावणेदोनला तीन मिनिटं कमी असताना आम्ही पोहोचलो. रात्री एका आईचा मेसेज आला: वॉशिंग मशीन खडखडतंय, पँटच्या खिशातून मूठभर मका निघालाय, तो ठेवायचा आहे का?