सीटमागची बादली

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीवरून, मासे धरणाऱ्याचा अर्धा जीव गळात आणि अर्धा मागच्या बादलीत अडकलेला असतो. त्या बादलीत ठेवलेला, गळाला लावायचा छोटा मासा नुसता जिवंत असून भागत नाही, चांगला चपळ लागतो. मोठ्या बोटीवाल्यांना आयती टाकी मिळते, आपल्याला मात्र सीटमागच्या खळग्यात मावेल तेवढंच, म्हणजे झाकणाची बादली, बाहेरचं पाणी आत ओतणारा १२ व्होल्टचा पंप, थोडा पीव्हीसी पाईप आणि फटी बुजवायला भरपूर सिलिकॉन. वाटतं तासाभराचं काम आहे. नसतं.

पहिला मोह मोठ्या टाकीचा. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ४० लिटर भरलं की मागे ४० किलोचं ओझं, तेही हलणारं, तुम्ही जरा कललात की पाणी त्याच बाजूला धावलंच. १५-२० लिटर बास झालं, मासे कमी ठेवा की, एवढी हाव कशाला!

चौकोनी डबा बसवायला सोपा, पण मासे कोपऱ्यात तोंड खुपसून बसतात, नाकं घासून घेतात. गोल बादलीत पाण्याचा पाईप भिंतीलगत तिरका सोडला की हळूहळू प्रवाह फिरायला लागतो आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून शिस्तीत पोहत राहतात. हे बघत बसणं मला गळ टाकण्यापेक्षा जास्त आवडतं, काय करणार.

खरी परीक्षा भोकाची. पाणी बाहेर जायचा पाईप आत येणाऱ्यापेक्षा जाड हवा, नाहीतर पंप ओततच राहतो आणि झाकणातून उतू जाऊन पाठ भिजते. त्याच्या तोंडाला जाळी पण हवी, नाहीतर बारके पसार.

ऊन चढलं की अजून एक त्रास. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. पंप सतत चालवावा तर बॅटरी बसते, दोन अँपिअर खाणारा पंप ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदावर साडेतीन तास, प्रत्यक्षात कमीच. म्हणून टायमर. मग टायमरला पाणी लागू नये म्हणून डबी, मग वायरला फ्यूज...

आणि एवढं करून शेजारून कोणीतरी जातो, भोकं पाडलेला जाड पाईप दोरीला बांधून पाण्यात सोडलेला, मासे त्यात, ना पंप ना बॅटरी. जोरात वल्हवलं तर आतले मासे दमत असणार म्हणा. तरी एक करून बघतोच, पीव्हीसीचा तुकडा उरलाय.