रिळातून निघालेला भोकाचा पैसा

खाऱ्या पाण्यात वापरलेलं मासेमारीचं जुनं रीळ दुरुस्तीला आलं की पहिले दोन दिवस त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही. बादलीत कोमट गोडं पाणी घ्यायचं, रीळ दोरीसकट आख्खं बुडवायचं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. स्क्रूच्या आट्यांत मीठ घट्ट बसलेलं असतं. ते विरघळायच्या आधी जोर केला तर स्क्रू जागचा हलत नाही, त्याच्या डोक्यावरची खाच मात्र झिजते. मग ड्रिल मारून काढण्यापलीकडे काही उरत नाही. दुकानात येणारी बरीच रिळं समुद्राने बिघडवलेली नसतातच, घरच्या घाईने बिघडलेली असतात.

चिपळूणच्या एका ताईंनी आणलेल्या रिळाला सुदैवाने कोणी हात लावला नव्हता. आडव्या स्पूलचं, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरकीचं, आणि हँडलखाली चांदणीच्या आकाराची ड्रॅगची चकती असलेलं जुन्या घडणीचं रीळ. ड्रॅग म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारा ब्रेक. त्यांच्या अण्णांचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं, पण माळ्यावरची लाकडी पेटी कोरडी राहिली. रीळ त्या पेटीतलं. हँडल फिरत नव्हतं. त्यांना ते मुलासाठी चालू करून हवं होतं. दोन दिवसांनी मी रीळ उघडायला घेतलं तेव्हा त्या पेटी घेऊन रत्नागिरीला आल्या आणि समोर स्टुलावर बसल्या.

हँडलची नट सुटली. हँडल निघालं, चांदणी निघाली. तिच्याखाली बशीसारख्या किंचित खोलगट, स्प्रिंगचं काम करणाऱ्या दोन वॉशर असायला हव्या होत्या. तिथे एकच चपटी चकती होती, तपकिरी काळपट, कडेला हिरवी. भोक आसापेक्षा मोठं, म्हणून ती एका बाजूला सरकून बसलेली आणि त्याच बाजूने घासून पातळ झालेली. मऊ ब्रशने पुसली तर मुकुट दिसला आणि खाली १९४४.

असं कोणी का करतं ते कळतं. खोलगट वॉशर कालांतराने दबून सपाट होतात, आणि आपल्या बाजारात त्या मापाच्या सहज मिळत नाहीत. पण चपटी चकती घातली की ड्रॅग हळूहळू घट्ट होत नाही. चांदणी थोडी फिरवेपर्यंत सैल, आणि पुढच्या पाव फेऱ्यात एकदम जाम. तांबोशीसारखा मोठा मासा लागला आणि पहिल्याच धडकेला दोरी सुटली नाही, तर दोरी तुटते किंवा गळ सरळ होतो.

मी पैसा ताईंच्या तळहातावर ठेवला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दादा, हा आमच्या डब्यातला आहे.”

अण्णांनी नाणी जमवली होती. वहीत त्यांच्या अक्षरात यादी होती आणि तिच्यात एक ओळ होती: भोकाचे पैसे, २४. पुरानंतर नाण्यांचा डबा गाळातून मिळाला तेव्हा बाकीची नाणी होती, पण भोकाच्या पैशांपैकी एकच, तळाला चिकटलेला. गाळ उपसायला आलेल्या मुलांपैकी कोणीतरी हात मारला असणार, असं घरात सगळ्यांनी धरून घेतलं होतं. त्यातला एक शेजारचाच मुलगा. त्याच्याशी बोलणं बंद झालं होतं.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. महायुद्धात धातूची टंचाई होती, तेव्हा मधून भोक पाडलेला ब्राँझचा पैसा निघाला. मध्यभागी भोक असल्याने राजाचं डोकं नाही, नुसता मुकुट. अशा ६४ पैशांचा एक रुपया. वजन साधारण २ ग्रॅम. १९५७ साली नवे पैसे आले, आणि पुढे हा पैसा चलनातून गेला. पण त्याचं भोक कामाचं होतं. कोणी वॉशर म्हणून वापरला, कोणी लहान मुलाच्या करगोट्यात ओवला. गळाने मासे गरवायला जाणाऱ्याला तर तो आयता मिळालेला बुडीद, दोरी तळाला नेणारं वजन.

मी पेटी उघडायला सांगितली.

आत तीन फळकुटांवर गुंडाळलेल्या तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या, हातदोऱ्या होत्या. पहिली जाड, साधारण ०.५० मिलीमीटरची, २० वाव (दोन्ही हात पसरले की एक वाव). तिच्या टोकाला सुती दोरीत घट्ट आवळलेली पैशांची चवड. मोजले, १२. म्हणजे जेमतेम २४ ग्रॅम. दुसरी दोरी बारीक, फक्त ६ वाव, आणि तिला ५ पैसे. तिसऱ्या फळकुटावरच्या दोरीला ना गळ, ना वजन. टोक तुटलेलं.

तुटलेलं टोक नीट बघायचं असतं, ते पुष्कळ सांगतं. डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल तर गाठ सुटली, म्हणजे बहुधा गाठ न भिजवता आवळली होती. टोक साफ असेल तर ताण सहन झाला नाही. इथे शेवटची वीतभर दोरी पांढुरकी, धसमुसळी झालेली, नखाला खरखर लागणारी. ही कालवांवर घासून तुटलेली दोरी. वजन कातळाच्या खाचेत अडकलं, ओढता ओढता कालवांच्या धारेने दोरी कापली गेली. डब्यात १, रिळात १, एका चवडीत १२, दुसरीत ५. एकोणीस. राहिलेले पाच खाडीच्या तळाशी.

ताई काहीच बोलल्या नाहीत. फोन उचलून बाहेर ओट्यावर गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. मी तोवर ड्रॅगच्या चकत्या एकेक काढून फडक्यावर ओळीने मांडल्या, ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने आणि वरची बाजू वरच ठेवून. हा क्रम चुकला तर रीळ पुन्हा जुळतं, पण ड्रॅग काम करत नाही आणि कारण सापडत नाही.

त्या परत आल्या तेव्हा मी दुसरी, बारीक दोरी उलगडत होतो. तिचा गळ छोटा, पण मला त्याच्या टोकाने थांबवलं. गळाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो. मासा एकदा टोचला की त्या काट्यामुळे सहज निसटत नाही. या गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला होता. पक्कडीच्या दातांचे ठसे भिंगाखाली स्पष्ट दिसत होते. गंजून गेला असता तर ठसे नसते.

घरच्या दोरीवर हे बहुधा एकाच कारणासाठी करतात. काट्याचा गळ बोटात घुसला तर मागे येत नाही, बहुतेकदा पुढे ढकलून मांसातून बाहेर काढून कापावा लागतो. काटा दाबलेला असेल तर ज्या वाटेने गेला त्याच वाटेने निघतो. त्याची किंमत अशी की दोरी क्षणभर सैल पडली तरी मासा सुटतो.

मी विचारलं, “ताई, लहानपणी तुमच्या हातचे मासे फार सुटायचे का?”

“नेहमी,” त्या म्हणाल्या. “भाऊ चिडवायचा. अण्णा म्हणायचे, सुटला तर सुटला, खाडी कुठे जाते.”

मग मी त्यांच्या हातात गळ दिला आणि ठसे दाखवले.

दोरीवरून आणखी एक गोष्ट कळत होती. ५ पैशांचं वजन म्हणजे १० ग्रॅम. उधाणाच्या ओढीत ते तळाला टिकणं शक्यच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास खाडीच्या तोंडाशी ६०-७० ग्रॅमचं शिसंसुद्धा वाहत जातं. १० आणि २४ ग्रॅम वापरणारा माणूस भांगाच्या भरतीला जातो. अष्टमीच्या आगेमागे, पाणी संथ असताना, आणि तेही भरती पुरी होऊन पाणी थबकतं त्या तासाभरात. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेला थोडी आधी, खाडीत आत गेलं की थोडी उशिरा, पण सहाच्या आसपास. सकाळी सहा, तशीच संध्याकाळी सहा.

“शाळा सुटल्यावरच न्यायचे,” ताई म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी एकदा. मला वाटायचं, अण्णांना तेवढाच वेळ मिळतो.”

आता डब्यात राहिलेल्या त्या एका पैशाबद्दल. हा भाग महत्त्वाचा आहे, कारण कोकणातल्या घराघरांत हीच चूक होते. डब्यातला पैसा ताईंनी चिंच-मीठ लावून घासला होता. आंबटाने वरचा काळपट तपकिरी थर जातो आणि नाणं नव्यासारखं गुलाबी दिसतं. पण तो थर म्हणजे नाण्याची कातडी. ती काढली, वर मीठ चोळलं, तर मिठातलं क्लोराइड सरळ धातूत जातं. पहिल्याच पावसाळ्यात त्या पैशावर फिकट हिरवी भुकटी फुटली. पुसली की जाते, आठवड्याने पुन्हा येते. गडद, गुळगुळीत, घट्ट हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नये, तो नाण्याचं रक्षण करतो. फिकट, पिठासारखी, नखाने निघणारी हिरवी भुकटी असेल तर नाणं आतून खाल्लं जातंय. क्लोराइड, दमट हवा आणि तांबं यांचं चक्र चालू असतं, आणि त्यात क्लोराइड संपत नाही, पुन्हा पुन्हा वापरलं जातं. आपल्या पावसाळ्यातल्या हवेत ते आपसूक थांबत नाही.

उपाय स्वस्त आहे, फक्त वेळ लागतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी १ लिटर. त्यात कोरडी सोडा राख (सोडा अ‍ॅश) २८ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २२ ग्रॅम. काचेच्या बरणीत नाणी एकमेकांना न चिकटता ठेवायची. पहिला महिना दर आठवड्याला पाणी बदलायचं, नंतर पंधरवड्याने. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस ठेवायची. त्या पाण्याचे चार थेंब काचेवर घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झालं तर क्लोराइड अजून आहे, सोड्याचं पाणी पुन्हा करायचं. सोड्याच्या पाण्यातच ही परीक्षा घेऊ नये, सोड्यामुळेही ते गढूळ होतं आणि फसगत होते. शेवटी स्पिरिटमध्ये बुडवून वाळवायची आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवायची. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून पुन्हा घालायचं. आणि मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचा अल्बम नको. त्यातल्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून वर्षांनुवर्षं रसायनं सुटत राहतात आणि नाण्यावर चिकट हिरवा लेप चढतो.

मोठी चवड सोडायला मी सांगितलं, कारण बाहेरच्या दोन पैशांवर भुकटी दिसत होती. आतले दहा मात्र जवळजवळ स्वच्छ होते. आवळून बांधल्याने त्यांच्यात हवा गेलीच नव्हती. सुती दोरीची गाठ कशी होती त्याचा फोटो काढून ठेवला. लहान चवड सोडायची नाही, असं ताई म्हणाल्या. ते मला पटलं. दोरीसकट बरणीत ठेवता येते, वेळ दुप्पट लागेल आणि दोरी कदाचित विरेल, एवढं त्यांना सांगितलं. या नाण्यांना बाजारात फारशी किंमत नाही, १९४४ चा पैसा सहज मिळतो. तरी कोणी चांगला भाव सांगून ती घ्यायला आला तर देऊ नका, हेही सांगितलं.

रीळ संध्याकाळपर्यंत जुळलं. स्पूल अ‍ॅल्युमिनियमचा आणि आस पितळी. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, म्हणून आसाभोवती पांढरी भुकटी साठून स्पूल जाम झाला होता. भुकटी काढली, जागा बारीक कागदाने घासली, समुद्री ग्रीसचा पातळ थर दिला. ड्रॅगच्या कातडी चकत्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या, त्या बदलून कार्बनच्या घातल्या. पैशाच्या जागी खोलगट वॉशर दोन, एकमेकींच्या उलट बाजूने. नवी दोरी स्पूलच्या काठाखाली ३ मिलीमीटर सोडून भरली. काठोकाठ भरली तर फेकताना ढिली होऊन गुंता होतो. जुन्या हातदोऱ्यांनी आता मासे धरू नका म्हणालो. तंगूस चाळीस वर्षांत ठिसूळ होतं, हिसक्याला तुटतं.

मुलासाठी गळ हवा होता. मी दोन मापांचे काढून ठेवले. ताईंनी लहान उचलला, टेबलावरची माझी पक्कड घेतली आणि विचारलं, “किती जोर द्यायचा?”

एकदम दाबलं तर टोकच मोडतं, म्हणालो. जबड्यात काटा आडवा धरायचा, आणि तीन-चार वेळा हलक्या हाताने.