"काहीच झालं नाही" ही पण बातमीच आहे ना भो

आमच्या पेपरच्या डेस्कवर एक वाक्य रोज ऐकायला मिळतं, "अरे भो, त्यात बातमी काय?" तालुक्याच्या वार्ताहराचा फोन येतो, पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरताय, मी पोलीस स्टेशनला जाऊन विचारलं, तसं काहीच नाही. डेस्कवरचा म्हणतो काहीच नाही तर लावू काय.

अशा वेळी मला राईनपाडाच आठवतं. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे म्हणून जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारूनच टाकलं. मेसेज त्याच्या आधीपासून फिरत होते. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं. आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपला शिव्या घातल्या, त्या घालायलाच पाहिजे होत्या, पण मेसेज खोटा आहे हे बोंबलून सांगायचं काम कोणाचं होतं? ज्यांचं पोट बातमीवर चालतं त्यांचं, म्हणजे आमचं. बाजारात दुकान लावून बसलेल्या माणसाने कुठे चेक करायचं?

आणि खोटंच बोलावं लागतं असंही नाही, अर्धं सांगितलं तरी तेवढंच नुकसान. केळीचंच घ्या. जळगावच्या रावेर-यावलकडे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस, केळीचा रोग) आला की शेतकरी आधीच रडकुंडीला येतो, पानावर पिवळे पट्टे दिसले की रोप उपटून फेकायचं, तो पसरवणारी मावा कीड आवरायची, दुसरा इलाज नाही. त्यात कोणी थंबनेल टाकलं "केळीवर घातक व्हायरस!!" तर एक शब्दही खोटा नाहीये, व्हायरस आहे, पिकाला घातकही आहे. फक्त हा झाडाचा रोग आहे, माणसाला केळी खाऊन काही होत नाही, हे सातव्या ओळीत, आणि सातव्या ओळीपर्यंत जातो कोण. गिऱ्हाईक बिचकलं तर भाव पडायचा तो शेतकऱ्याचा, आपले व्ह्यूज तर येऊन गेलेले असतात. म्हणून माझं म्हणणं, "माणसाला धोका नाही" हे थंबनेलवरच पाहिजे, मग भले क्लिक कमी आले तरी चालतील.

खुलाशाचं तर विचारूच नका. प्रेस कौन्सिलचे नियम सांगतात की चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती लगेच द्या आणि ठळक द्या. आमच्याकडे बातमी पहिल्या पानावर आठ कॉलम अन् खुलासा आतल्या पानात, टेंडर नोटीसच्या खाली, भिंगातून वाचावा असा. पोर्टलवाल्यांचं तर अजून सोपं, पोस्ट डिलीट केली की संपलं, पण तिचे स्क्रीनशॉट गावोगावच्या ग्रुपवर फिरतच राहतात त्याचं काय?

आता वार्ताहरांची बाजू पण ऐका. तालुक्याला बऱ्याच जणांना पगारच नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं सगळं, साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी भरली तर घरात दिवाळी. अशा माणसाला तुम्ही म्हणता स्वतःच्या पेट्रोलने वीस किलोमीटर जा, खात्री कर, आणि खात्रीअंती काही निघालं नाही तर बातमीपण नाही, पैसापण नाही. कोण जाईल? मालक लोकांनी "अफवा खोटी निघाली" या बातमीचेही पैसे लावावेत, खून-अपघाताच्या बातमीला देता तेवढेच. मी हे मीटिंगला बोललो तर सगळे हसले, एक जण म्हणे मग रोज शंभर न घडलेल्या घटना पाठवतील. पाठवू द्या ना, निवडायला डेस्क बसलेलंच आहे.